उंबरठ्यावरची पिसोरी

सागाच्या एका जंगलात, टेकडीच्या पायथ्याशी, एक साळिंदर राहत असे. राहत असे म्हणजे एकटे नव्हे. त्याने स्वतःच्या नखांनी सात बिळे खणली होती. एकात तो आणि त्याची बायको, आणि उरलेल्या सहांत इतर प्राणी बिऱ्हाड करून होते. आठवड्याला एक कंद दिला की भाडे पोचले. त्यामुळे सगळे जंगल त्याला शेठ म्हणे, म्हणून आपणही शेठच म्हणू आणि अहो-जाहो करू. त्यांना ते आवडत असे.

शेठांच्या बिळांसारखी बिळे आसपासच्या चार रानांत नव्हती. तोंड अरुंद, आत गेले की ऐसपैस. उन्हाळ्यात बाहेरचे दगड तापून पाय ठेवता येत नसे, तेव्हा आत माठातल्या पाण्यासारखा गारवा असे. सशिणीची पिल्ले तिथेच वाढली, म्हातारी घोरपड तिथेच म्हातारी झाली, आणि कोल्हा तर आपल्या पाच पोरांसह राहून वर शेठांचा कारभारही बघत असे. शेठांत दोष एकच होता. आपण चांगले आहोत हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला त्यांना फार आवडे. दोष तसा गोड आहे. तो नसलेले प्राणी फारसे बरे असतात, असेही काही नाही.

मागच्या पानगळीत असे झाले, की पलीकडच्या दरीतल्या रानडुकराने आपल्या डबक्यापाशी एका खोडावर अक्षरे कोरून घेतली : 'इथला चिखल सर्वांत थंड.' ती बघून आल्यापासून शेठांना चैन पडेना. आपल्याही दाराशी काहीतरी हवे. त्यांनी साळुंकीला बोलावले, कारण शब्दांची हातोटी जंगलात तिच्याइतकी कुणाला नव्हती.

"गार आहे, ऐसपैस आहे, असं काहीतरी लिहू या," शेठ म्हणाले.

"शेठ, गार-बिर डुकरांनी लिहावं," साळुंकी म्हणाली. "तुमच्या दाराशी मोठं काही हवं. ऐकणाऱ्याचा ऊर भरून आला पाहिजे." तिने मान वाकडी केली, क्षणभर डोळे मिटले आणि म्हटले, "दार उघडे आहे. आत आला तो आपला."

शेठांचा ऊर भरून आला. सुतार पक्ष्याने दोन दिवस ठोकून ते शब्द दारासमोरच्या वाळक्या सागावर कोरले.

"म्हणजे नक्की काय?" शेठाणीबाईंनी विचारले.

"म्हणजे... चांगलं आहे."

"छान आहे," शेठाणीबाई म्हणाल्या आणि कंद निवडायला आत गेल्या.

त्या दिवसापासून शेठ रोज सकाळी त्या खोडासमोर उभे राहून ती दोन वाक्ये वाचत. साळुंकी तीच वाक्ये गात या तळ्यावरून त्या तळ्यावर जाई. तिच्याकडून ती टिटवीने उचलली, टिटवीकडून आणखी कुणी, आणि असे करत ती तीन टेकड्यांपलीकडे पोचली. शेठांना याचे फार समाधान वाटे. आता ती पोचल्यावर तिथून कुणी निघेल, हे मात्र त्यांच्या मनात आले नव्हते.

नदीच्या वळणावर तांबड्या मातीचा एक उतार होता. नख लावले की माती लोण्यासारखी सुटे आणि तरी ढासळत नसे. तिथे बारा बिळे सहज झाली असती. शेठांना तो उतार स्वप्नात दिसे. पण उतार होता वाघाचा, आणि वाघ या जंगलाचा राजा होता. म्हणून शेठ गेले वर्षभर दरबारात खेपा घालत होते.

दरबाराची रीत अशी होती, की महाराजांना पाठ दाखवायची नाही. काम झाले की तोंड महाराजांकडे ठेवून मागे-मागे सरकत बाहेर पडायचे. सशाला हे सोपे होते, हरणाला सोपे होते. साळिंदर मागे सरकते तेव्हा काय होते, हे मात्र ज्याच्या अंगात त्याचे काटे शिरले आहेत त्यालाच ठाऊक. पहिल्याच भेटीत शेठ मोठ्या अदबीने मागे सरकले आणि दाराशी पहाऱ्याला उभ्या असलेल्या अस्वलाच्या मांडीत चार काटे ठेवून आले. तेव्हापासून ते निघाले की आधी कुणीतरी हाळी देई, "शेठ निघताहेत, मागची जागा मोकळी करा."

एवढ्या खेपांनंतर महाराज प्रसन्न झाले. "येत्या पौर्णिमेला उतार तुझ्या नावे करतो," ते म्हणाले.

"शेठ, पौर्णिमेला दहा दिवस आहेत," परतताना कोल्हा म्हणाला. "तोवर कुणाशी वाकडं घ्यायचं नाही. शिंक आली तरी मला विचारून."

आणि नेमक्या त्या दहा दिवसांत महाराज पडले.

झाले होते असे. महाराजांनी एका डुकरामागे झेप घेतली, डुक्कर निसटले, महाराजांचा पाय निसटला, आणि ते डबक्याच्या काठावरून जे घसरले ते थेट चिखलात जाऊन बसले. त्या वेळी झुडपाआड एक पिसोरी उभी होती. पिसोरी म्हणजे आपल्या रानातले सगळ्यात लहान हरीण, सशाहून जरासे मोठे, अंगावर पांढरे ठिपके आणि पाय काड्यांसारखे. तिला हसू आले. तिने दाबले, पण ते नाकातून बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी वानरांनी झाडाझाडांवरून दवंडी दिली : "ऐका हो ऐका. महाराज पडले नव्हते. महाराज चिखलात विसाव्याला बसले होते. तरी जी पिसोरी हसली, तिला कुणी थारा देऊ नये. देईल त्याचं घर राहणार नाही."

ज्यांना काहीच ठाऊक नव्हते, त्यांनाही यामुळे महाराज पडल्याचे कळले.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी शेठ जेवून दाराशी टेकले होते, तेव्हा समोरच्या खोडापाशी कुणीतरी उभे असल्याचे त्यांना दिसले. अंगावर पांढरे ठिपके, पाय काड्यांसारखे, पोट मात्र चांगलेच मोठे. दिवस भरत आले होते. ती खोडाकडे बघून ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत होती.

"कोण आपण?" शेठांनी विचारले. विचारायची गरज नव्हती, पण तेवढाच वेळ जातो.

"पिसोरी. तीन टेकड्यांपलीकडून आले."

"ती... हसलेली?"

"हो," ती म्हणाली. "हसायला नको होतं. पण ते उठले आणि कुणी पाहिलं का म्हणून इकडंतिकडं बघायला लागले. कानात चिखल गेला होता. बघतात तर मी."

शेठांच्या पाठीवरचे काटे एकदा खुळखुळले. त्यांनाही हसू आले होते. ते त्यांनी आवरले आणि चेहरा गंभीर केला.

"मग इकडं कसं येणं केलंत?"

"हे ऐकून," तिने खोडाकडे मान केली. "टिटवी सांगत होती. मला पळता येत नाही आता, चालतच आले. वाटेत धीर सुटला की हेच म्हणत होते. दार उघडे आहे, आत आला तो आपला. एकदा शब्द उलटसुलट झाले, तेव्हा फार घाबरले. मग आठवले."

शेठांनी खोडाकडे पाहिले. रोज सकाळी वाचलेली ती दोन वाक्ये, पण आज ती दुसऱ्याच कुणीतरी कोरल्यासारखी दिसत होती. आपले शब्द कुणी चालताना म्हणेल, आणि चुकले तर घाबरेल, असे त्यांना कधी वाटले नव्हते. ते कोरले तेव्हा ते फक्त डुकराला दिसावेत एवढेच त्यांच्या डोक्यात होते.

"बसा हं," ते म्हणाले. "मी आलोच." आणि लगबगीने आत गेले.

आत हिशेबाला आलेला कोल्हा सगळे ऐकत बसला होता.

"शेठ, घेऊ नका."

"मी कुठं घेतोय."

"मग घालवा."

"घालवू कसा? बाहेर लिहिलंय ना."

"लिहिलंय तर पुसा."

"कोरलंय, कोल्होबा. चांगलं दोन बोटं खोल. सुताराला मीच सांगितलं होतं, उथळ नको म्हणून."

कोल्ह्याने सुस्कारा टाकला. "शेठ, मी उताराचं बोलतच नाही. उतार गेला तर गेला. पण 'घर राहणार नाही' म्हणालेत. घर तुमचं एकट्याचं आहे का? माझी पाच पोरं आहेत इथं. सशिणीची सात. घोरपड आजींना तर चार पावलं चालवत नाही. एका पिसोरीपायी एवढ्यांना उघड्यावर आणणार?"

कोल्हा लबाड होता हे खरे, पण या वेळी तो खोटे बोलत नव्हता. आणि मुलांनो, खरी अडचण होते ती अशीच. समोरचा साफ चुकीचे बोलत असता तर शेठांनी त्याला केव्हाच गप्प बसवले असते.

त्यांनी शेठाणीबाईंकडे पाहिले. त्या कोपऱ्यात बसून गवताची गादी झटकत होत्या.

"तू काय म्हणतेस?"

"मी काय म्हणणार? तुमचं काम तुम्हाला कळतं."

"तरी पण."

"ती उन्हात बसलीय. एवढंच म्हणते."

शेठ बिळात तीन फेऱ्या मारून आले. चौथ्या फेरीला त्यांचा चेहरा उजळला.

"दारातच बसवू तिला," ते म्हणाले. "उंबरठ्यावर. डोकं आत, बाकीची बाहेर. महाराजांनी विचारलं तर सांगता येईल, आत घेतली नाही. तिनं विचारलं तर सांगता येईल, बाहेर ठेवली नाही. पौर्णिमेपर्यंत असंच निभावू. मग बघू."

"शेठ," कोल्हा म्हणाला, "तुमचा जन्म चुकला. तुम्ही आमच्यात यायला हवं होतं."

शेठाणीबाईंनी गादी पुन्हा झटकली, जरा जोरात.

"आत थोडी सारवासारव चाललीय," शेठांनी पिसोरीला सांगितले. "तोवर इथं दारात बसा. डोक्याला तरी सावली होईल." पिसोरीने मान आत घातली आणि बसली. "उपकार झाले," ती म्हणाली. शेठांनी ते न ऐकल्यासारखे केले.

दुपार काही केल्या सरेना. शेठांच्या बिळातून जाणाऱ्या-येणाऱ्याला तिच्या अंगावरून पाय टाकावा लागे. सशीण कंद द्यायला आली, पिसोरीकडे पाहिले, शेठांकडे पाहिले, आणि कंद दारातच ठेवून परत गेली. मग साळुंकी आली. ती फांदीवर बसून पिसे नीट करत म्हणाली, "शेठ, तळ्यावर सगळे विचारताहेत. आता मी काय सांगत फिरू?"

"सांग, की शेठ सर्वांचा आदर करतात."

"सर्वांचा म्हणजे कुणाकुणाचा?"

"सर्वांचा म्हणजे सर्वांचा. खोलात शिरू नकोस."

"आणि पिसोरीबद्दल?"

"तिच्याबद्दल आम्हाला मनापासून वाटतं."

"काय वाटतं?"

"वाटतं," शेठ म्हणाले. "एवढंच."

साळुंकी खूप वेळ फांदीवर बसून राहिली. ऊर भरून येईल असे यातून काय करावे, हे तिला कळत नव्हते. शेवटी ती काही न गाता उडून गेली.

ऊन कलल्यावर घोरपड आजी येऊन पोचली; आपल्या बिळातून इकडे यायला तिला अर्धी दुपार लागली होती. ती उंबरठ्यापाशी थांबली.

"काय रे शेठ, ही पोर दारात अडकलीय का अडकवलीय?"

"आजी, जरा धोरणाचा प्रश्न आहे."

"असू दे. मला धोरणातलं कळत नाही. पण ज्याचं शेपूट बाहेर राहतं त्यालाच पहिलं ओढून नेतात. मी घोरपड आहे, हे मला विचार." आणि आजी वळली, आपल्या बिळाकडे चालू लागली. तिने आणखी काही सुनावले असते तर शेठांना बरे वाटले असते.

ते आत जाऊन पिसोरीच्या तोंडासमोर बसले. तिच्या अंगावरून मधूनच एक शिरशिरी जात होती.

"शेठ," ती हळूच म्हणाली, "आतलं सारवण संध्याकाळपर्यंत होईल ना?"

"का हो?"

"मला वाटतं, आजच."

शेठांना आधी कळले नाही. शेठाणीबाईंना लगेच कळले. त्या उठून आल्या, पिसोरीच्या कपाळाला नाक लावले आणि नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "अहो."

त्या एका 'अहो'त बरेच काही होते. शेठांनी त्यातले निम्मे समजून घेतले. ते काही बोलणार, एवढ्यात नदीकडच्या झाडांवरून वानरांचा खकारा ऐकू आला. खक्, खक्, खक्. जंगलात हा आवाज एकाच कारणासाठी येतो.

मोर गप्प झाले. सशिणीने पिल्ले आत ओढली. कोल्हा आपल्या बिळाच्या तोंडाशी जमिनीला चिकटून बसला. शेठ पिसोरीच्या अंगावरून कसेबसे बाहेर पडले आणि अदबीने समोर तोंड करून उभे राहिले. वाघ सागाच्या पानांवरून सावकाश चालत आला. खाली बघून चालत होता. परवाच्या प्रकारापासून त्याला ती सवय लागली होती.

"साळिंदरा," तो म्हणाला, "माझ्या कानावर दोन गोष्टी आल्या. एक म्हणते पिसोरी तुझ्या बिळाच्या आत आहे. दुसरी म्हणते बाहेर आहे. खरं काय?"

उत्तर तयार होते. शेठांनी दुपारभर ते घोकले होते. "महाराज, मी तिला आत घेतलेलं नाही."

"छान," वाघ म्हणाला. "म्हणजे बाहेर आहे. मग तुझा काही प्रश्नच नाही. नेतो तिला."

आपल्या वाक्याला असा अर्थ आहे हे शेठांना ठाऊक नव्हते असे नाही. फक्त त्यांनी तिकडे बघायचे टाळले होते. वाघाने एक पाऊल पुढे टाकले. मागून, बिळातून, अगदी बारीक आवाज येत होता. पिसोरी स्वतःशीच म्हणत होती, दार उघडे आहे, आत आला तो आपला. दार उघडे आहे, आत आला तो आपला. धीर सुटला की म्हणत होते, असे तिने सांगितलेच होते.

साळिंदराला समोरून लढता येत नाही. समोर त्याला मऊ नाक आहे, बारीक डोळे आहेत, आणि शेठांना तर वरून आर्जवाची सवय होती. त्याचे सगळे बळ पाठीला. म्हणजे दार राखायचे तर एकच मार्ग होता, आणि दरबारात नेमका तोच वर्ज्य होता.

शेठांनी पाठ फिरवली.

झाडांवरच्या वानरांनी श्वास रोखले. शेठांनी डोक्याने पिसोरीला आत ढकलले, आतून शेठाणीबाईंनी तिला ओढले, आणि बिळाचे अरुंद तोंड शेठांच्या अंगाने भरून गेले. डोके आत, पाठ बाहेर, आणि पाठीवर वीतवीतभर लांब काटे एकेक करून ताठ उभे राहिले.

"साळिंदरा," वाघ अगदी हळू म्हणाला, "पाठ दाखवतोस?"

तेवढ्यात शेजारच्या बिळातून कोल्ह्याचा आवाज आला, लोण्यात घोळवलेला. "महाराज, गैरसमज नसावा. साळिंदरांच्या जातीत थोरामोठ्यांना नमस्कार असाच करतात. पाठ जितकी वर, तितका मान मोठा."

वाघाने झाडांवर पाहिले. प्रत्येक फांदीवरून कुणीतरी बघत होते. परवाच्या चिखलानंतर हे आणखी एक नको, हे त्यालाही कळत होते. "असं होय," तो म्हणाला. "मग नमस्कार पोचला. आता सरक बाजूला. तांबडा उतार पौर्णिमेला घेऊन जा."

शेठांना फक्त 'होय महाराज' म्हणायचे होते आणि दोन पावले सरकायचे होते. डोळ्यांपुढे तांबडी माती आली. बारा बिळे आली. कोल्ह्याची पाच पोरे, सशिणीची सात, सगळी सुखरूप आली. आणि डोळ्यांपुढे, खरोखरच डोळ्यांपुढे, वीतभर अंतरावर पिसोरी होती. तिचे बोलणे थांबले होते. ती शेठांकडे बघत होती.

"नमस्कार नाही, महाराज," शेठ म्हणाले. तोंड बिळात असल्यामुळे आवाज मडक्यातून यावा तसा आला. "ही पाठच आहे."

वाघाने पंजा उचलला. तो तसाच अधांतरी राहिला. त्याच्या चुलत्याने तरुणपणी एका साळिंदरावर पंजा टाकला होता. काटा जबड्यात शिरला, आणि तो एवढा मोठा वाघ शेवटच्या दिवसांत डबक्यातले बेडूक चाटून राहिला. राजघराण्यात हे कुणी बोलत नसे, पण विसरलेही नव्हते.

"आत आला तो आपला," वाघाने खोडावरचे वाचले. "एवढं मोठं लिहिताना विचार केला होतास का रे?"

"नाही महाराज," शेठ बिळातून म्हणाले. "मी कसला विचार करतोय. पण ती ते ऐकून आली."

मग पंजा परत खाली आला, होता त्याच जागी. "उतार विसर," वाघ म्हणाला. "दरबारात पाय ठेवू नकोस."

"बरं महाराज."

वाघ वळला आणि पावले जपून टाकत गेला. या वेळी कुणी हसले नाही. तो पडला नव्हता, आणि चुलत्याची गोष्ट आठवून तो मागे फिरला यात हसण्यासारखे काही नव्हते.

आता पुढचेही सांगायला हवे, कारण चांगुलपणा केला की लगेच सगळे छान होते असे तुम्हाला वाटायला नको. तांबडा उतार रानडुकराला मिळाला आणि त्याने तिथे चिखल केला. भाडेकरूंपैकी खवले मांजर घाबरून दुसऱ्या दिवशी बिऱ्हाड घेऊन गेले आणि ते बीळ पुढे कितीतरी दिवस रिकामे राहिले. बिळे उकरून टाकायचा हुकूम अस्वलाला झाला खरा. पण अस्वलाने आपल्या मांडीवरून हात फिरवला आणि नखे दुखत असल्याचे कळवले, आणि ती वर्षभर दुखतच राहिली. हे नशीब. शेठांनी पाठ फिरवली तेव्हा ते त्यांना ठाऊक नव्हते. कोल्हा तीन दिवस फुगून बसला. "एवढं मी सावरून घेतलं होतं," तो भेटेल त्याला सांगे. पण बीळ सोडून तो गेला नाही, आणि चौथ्या दिवशी त्याची पाचही पोरे पिसोरीच्या पाडसाला बघायला रांगेत उभी होती.

पाडस त्याच संध्याकाळी झाले. मुठीएवढे, ठिपक्यांचे, आल्या आल्या उभे राहायची घाई असलेले. पिसोरीला शेठाणीबाईंनी त्या झटकलेल्या गादीवर निजवले. शेठ बिळाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते आणि त्यांचे काटे अजून पुरते खाली बसत नव्हते.

"उतार गेला," ते म्हणाले.

"बरं झालं," शेठाणीबाई म्हणाल्या. "बारा बिळांची झाडलोट कोण करणार होतं? तुम्ही?"

शेठ हळूच म्हणाले, "मी उशीर केला का गं?"

"केलात. दुपारभर."

"फार झाला?"

"तिला विचारा. पाठ तिची भाजली." मग त्यांनी नवऱ्याच्या मानेत वाकडा झालेला एक काटा दातांनी सरळ केला. "आता सरका थोडे. तिला पाय पसरायला जागा हवी."

आणि राजाने सांगूनही जे तसूभर सरकले नव्हते, ते शेठ निमूटपणे सरकले.

तात्पर्य : दाराशी कोरलेला शब्द कोरणाऱ्याचा राहत नाही, त्यावर विसंबून जो लांबून चालत आला, त्याचा होतो. त्याला उंबरठ्यावर बसवून दोन्हीकडचे भले साधता येत नाही, म्हणून मोठा शब्द कोरण्याआधी आपली पाठ तेवढी रुंद आहे का, हे बघून घ्यावे.